हरकती आणि सूचना : सावेडीच्या निमित्ताने



वसंत व्याख्यानमालेत नगरच्या इतिहासाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे निजामशाही उभी राहते, चांदबिबी उभी राहते, निदान भुईकोट किल्ला तरी उभा राहतोच. आज आम्ही यांतले काहीच घेणार नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते एका साध्या कागदाविषयी. निवडणूक जवळ आली की हा कागद महानगरपालिकेच्या सूचनाफलकावर लागतो. त्याच्यासोबत एक नकाशा असतो, नकाशावर रेषा असतात, आणि शेवटी एक ओळ असते : अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात. येणारेजाणारे तो कागद पाहतात आणि पुढे जातात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच पुढे गेलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

२०२५ च्या पावसाळ्याअखेर असा एक कागद आपल्या शहराच्या सतरा प्रभागांसाठी लागला. पुढे नोव्हेंबरात प्रभागवार मतदारयाद्यांचा दुसरा कागद लागला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन गेले. निवडणुकीत कोण आले, कोण पडले, याची चर्चा पानाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे झाली. तिच्यात भर घालण्याचे कारण नाही. परंतु त्या दोन कागदांची चर्चा कोठे फारशी ऐकू आली नाही. ती आज करावी असा आमचा विचार आहे. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या गोष्टी सांगताना जुने नाव येईल, आणि जिभेच्या सवयीने आम्ही 'नगर' म्हणू, तेवढी मुभा श्रोत्यांनी द्यावी.

सावेडीचेच उदाहरण घेण्याचे कारण असे. नगर हे तटाच्या आतले शहर. तटाची बहुतेक खूण गेली, पण दिल्लीगेट, झेंडीगेट, मंगलगेट ही नावे अजून पत्त्यांवर आहेत, आणि तोफखाना, सर्जेपुरा, माळीवाडा, नालेगाव येथली माणसे आपण कोठल्या वेशीजवळ राहतो ते न विचारता सांगतात. जुन्या शहरातल्या माणसाला आपली आळी ठाऊक असते. सावेडी तशी नाही. ती शहराच्या उत्तरेला, मनमाडच्या वाटेवरचे शेतीचे गाव. गेल्या चार-पाच दशकांत तिथली शेते प्लॉट झाली, प्लॉटांवर बंगले आले, बंगल्यांच्या जागी अपार्टमेंटे उभी राहिली. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाईपलाईन रोड, भिस्तबाग असा तिचा विस्तार होत गेला. येथे राहणाऱ्यांत कोणी शेवगावचा, कोणी पाथर्डीचा, कोणी नोकरीनिमित्त आलेला. एका जिन्यावरची चार कुटुंबे चार तालुक्यांतली असतात. अशा वस्तीला 'आपला भाग' म्हणजे कोणता हे परंपरा सांगत नाही. ते सांगतो नकाशा. म्हणून नकाशावरच्या रेषेचे महत्त्व माळीवाड्याहून सावेडीत अधिक.

आता थोडे मागे जाऊ.

आपल्याकडच्या नगरपालिकांचा आरंभ पुष्कळजण लॉर्ड रिपनपासून धरतात. वस्तुतः त्याच्या तीस वर्षे आधी, १८५० साली, सव्विसावा कायदा झाला होता, आणि त्याच्याच आधारे १८५४ साली नगरला नगरपालिका मिळाली. या कायद्याची घडण मोठी चमत्कारिक होती. तो कोणत्याही गावाला आपोआप लागू होत नसे. गावच्या रहिवाशांनी मागणी करावी, सरकारने तिची जाहीर सूचना द्यावी, अनुकूल-प्रतिकूल म्हणणे ऐकून घ्यावे, आणि गावाची इच्छा दिसली तरच कायदा लागू करावा, अशी त्याची रीत. प्रत्यक्षात गावाची 'इच्छा' कलेक्टरसाहेबांच्या कचेरीत कशी तयार होत असेल, याची कल्पना श्रोत्यांना करता येईल. शिवाय एकदा पालिका स्थापन झाली की तिचे सभासद सरकार नेमी. मत द्यायचा प्रश्नच नव्हता. तरीसुद्धा एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळी नगरमध्ये एकाही माणसाला मताचा अधिकार नव्हता, पण म्हणणे मांडण्याचा अधिकार कागदोपत्री का होईना, होता. म्हणजे आपल्या नागरी जीवनात हरकत ही मताची थोरली बहीण आहे. धाकटीचे लग्न थाटात झाले आणि थोरली घरातच राहिली, असा काहीसा प्रकार पुढे घडला.

नेमलेल्या सभासदांकडून हरकतीची अपेक्षा कोण करणार? पण पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले नेमलेले सभासद होते. ज्यांच्या पत्नी सावित्रीबाई अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी नगरला येऊन राहिल्या होत्या, तेच हे जोतीराव. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव निघाला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे म्हणून त्याला विरोध करणारे फुले एकटेच निघाले. ठराव मंजूर झाला, स्वागतही झाले. त्या स्वागताची आज कोणाला आठवण नाही. एकट्या माणसाची हरकत मात्र दीडशे वर्षे होत आली तरी सांगितली जाते.

१८ मे १८८२ चा रिपनचा ठराव सर्वांना नावाने ठाऊक आहे, परंतु तो वाचणारे थोडे. त्यातला एक भाग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. स्थानिक मंडळांत लोकांनी निवडलेले सभासद असावेत हे ठरवल्यावर निवडावे कसे, हा प्रश्न रिपनपुढे आला. त्याने एकच पद्धत साऱ्या देशावर लादली नाही. साधे मत असावे की एका मतदाराला अनेक मते असावीत. वॉर्डांतून निवडावे की सबंध शहराने मिळून. मताधिकार विस्तृत असावा की आखूड. जाती किंवा धंदे यांच्या वाट्याने निवडावे काय. या सगळ्या पद्धती ठिकठिकाणी करून पाहाव्यात आणि अनुभवावरून ठरवावे, असे त्याने सुचवले. आज चार सभासदांचा प्रभाग बरा की एका सभासदाचा वॉर्ड बरा यावर आपण भांडतो. तो वाद १८८२ च्या त्या ठरावातच बीजरूपाने सापडतो. फरक इतकाच की रिपनला प्रयोग करून शिकावयाचे होते. आपण प्रयोगांवर प्रयोग करीत आहोत. त्यांतून शिकतो आहोत काय, हे पुढे पाहू.

१८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने नगरपालिकांत निम्म्याहून कमी नाहीत इतके सभासद निवडलेले असावेत असे ठरले. मतदार कोण? ठरावीक कर भरणारे, पदवीधर, वकील आणि अशीच काही प्रतिष्ठित मंडळी. मतदारांची संख्या इतकी लहान की मतदानाचे ठिकाण हा प्रश्नच उद्भवू नये. सगळे एकमेकांना ओळखत. अमका कोणाकडून उभा आहे आणि तमका त्याला का देणार नाही, हे बाजारपेठेला आदल्या रात्रीच ठाऊक असे. सावेडीच्या शेतकऱ्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता. त्याचे गाव तटाबाहेर, त्याचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे. पलीकडे भिंगारची छावणी होती. तिचा कारभार निराळ्या कायद्याखाली, आणि तो पुढेही निराळाच राहिला. एका मैदानाच्या तीन बाजूंना राहणारी माणसे तीन निरनिराळ्या राज्यांत राहावीत, तशी ही स्थिती होती.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे आम्ही भरभर ओलांडतो, कारण त्यांत आमच्या विषयापुरते सांगण्यासारखे थोडे आहे, आणि जे आहे ते सुखावह नाही. विभक्त मतदारसंघ आले. गावावर जशी रेषा ओढतात तशी माणसांवरच धर्माची रेषा ओढली गेली. एकाच गल्लीतले दोन शेजारी दोन याद्यांत गेले. ही रेषा पुसायला स्वातंत्र्य यावे लागले. १९३१ च्या कराची काँग्रेसने प्रौढ मताधिकार हा मूलभूत अधिकार म्हणून ठरावात घातला. आणि त्या काँग्रेसच्या कार्यकारिणीतली बडी बडी माणसे १९४२ च्या ऑगस्टपासून आमच्याच किल्ल्यात डांबलेली होती. जवाहरलाल, मौलाना आझाद, वल्लभभाई, आचार्य नरेंद्र देव. देशातल्या प्रत्येकाला मत असावे असे म्हणणारी ही मंडळी, आणि सावेडीची शेते त्यांच्यापासून दोन-तीन कोसांच्या आत. तिथल्या नांगरधाऱ्याला आपणाला एके दिवशी मत मिळणार आहे हे कोणी सांगितले असते, तर तो हसला असता.

ते मत आले, १९५१-५२ साली. या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमारास मुंबई विधानसभेच्या अध्यक्षस्थानी आमच्या नगरचे कुंदनमल फिरोदिया होते, ही नगरकरांना अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट. त्या निवडणुकीच्या आठवणी सांगणारी माणसे आता फारशी उरली नाहीत. मतदानाची पद्धत आजच्याहून अगदी वेगळी होती. आडोशाच्या आत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने कोऱ्या मतपत्रिकेवर काही लिहावयाचे नाही, ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत ती टाकावयाची. निरक्षर माणसाला मत देता यावे म्हणून केलेली ही योजना होती. पुढे १९६२ च्या निवडणुकीपर्यंत शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र आली आणि पेट्यांची ती ओळ गेली.

परंतु त्या पहिल्या निवडणुकीतली आमच्या विषयाला खरी उपयोगी गोष्ट निराळीच आहे. मताधिकार तर राज्यघटनेने एका ओळीत दिला. तो यादीत कसा उतरवावयाचा? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे अडचण आली ती बायकांच्या नावांची. अनेक प्रांतांत बाई स्वतःचे नाव परक्याला सांगेना. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगे. सेनांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारताच्या बाजूच्या होत्या. हा निर्णय कठोर होता असे कोणी म्हणेल, पण पुढच्या निवडणुकीला याच बायका नावानिशी यादीत येऊ लागल्या, हेही सांगितले पाहिजे. त्याच निवडणुकीत केवळ स्त्रियांसाठी म्हणून देशभर सत्तावीस हजारांहून अधिक मतदानकक्ष वेगळे ठेवले होते. कायद्याने दिलेले मत दारापर्यंत पोहोचवण्यासाठी जागा, दार, पडदा आणि यादी या चार गोष्टी नीट लागतात, हे त्या वेळच्या माणसांना कळले होते.

या जागेचा कायदा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने निवडणूक आयोगाच्या पूर्वमान्यतेने मतदानकेंद्रे ठरवावीत आणि त्यांची यादी प्रसिद्ध करावी. यादी आधी मसुदा म्हणून लावतात, पक्षांच्या प्रतिनिधींशी बोलतात, लोकांचे म्हणणे मागवतात. नियम साधे आणि सुज्ञ आहेत. मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये. केंद्र शक्यतो तळमजल्यावर असावे. देवळात, मशिदीत, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात असू नये. आत येण्याचे दार आणि बाहेर जाण्याचे दार वेगळे असल्यास उत्तम. एका केंद्रावर किती मतदार असावेत याची मर्यादा आधी दीड हजार होती. २०२५ साली आयोगाने ती बाराशेवर आणली. बाराशे हा आकडा ऐकायला कोरडा वाटतो. पण रांगेत मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या साठीच्या माणसाला विचारा, दीड हजार आणि बाराशे यांत काय अंतर आहे ते.

हे झाले लोकसभा-विधानसभेचे. महानगरपालिकेच्या निवडणुकीचा संसार निराळा. तिची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाकडे. हा आयोग १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ साली महाराष्ट्रात स्थापन झाला. मतदारांची यादी मूळची विधानसभेचीच, पण ती प्रभागांप्रमाणे फोडावी लागते. गेल्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती. ती फोडताना एखादे घर रेषेच्या अलीकडचे पलीकडे गेले की त्या घरातली सगळी माणसे भलत्याच प्रभागाला मत देतात, आणि केंद्रही बदलते.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाई आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. लोकसभेला त्या घराजवळच्या एका शाळेत जाऊन मत देऊन आल्या होत्या. नंतरच्या एका निवडणुकीला त्या सवयीने त्याच शाळेत गेल्या. तिथे यादीत नाव नाही. कोणीतरी दुसऱ्या शाळेत पाठवले, तिथेही नाव नाही. तिसऱ्या ठिकाणी नाव सापडले तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि बाईंच्या गुडघ्यांनी नकार दिला होता. "माझं मत काय, कुठं पळून जातंय," असे म्हणून त्या रिक्षाने घरी आल्या. मत खरोखरच पळून गेले होते. आम्ही त्यांना विचारले की यादीचा मसुदा लागला होता तेव्हा पाहिलात का? त्यांनी आम्हांला विचारले, "तुम्ही पाहिलात का?" आम्ही गप्प बसलो.

आता प्रभागांच्या रेषेकडे वळू. तिचे गणित श्रोत्यांनी एकदा नीट समजून घ्यावे. ते अवघड नाही; किराणा दुकानदाराला जमेल इतके सोपे आहे. नगरची महानगरपालिका २००३ साली झाली. महानगरपालिकेत सभासद किती असावेत हे कायद्याने लोकसंख्येवर ठरते. तीन ते सहा लाखांच्या शहराला किमान पासष्ट, आणि तीन लाखांवरच्या प्रत्येक पंधरा हजारांमागे एक. २०११ च्या जनगणनेत नगर महानगरपालिकेच्या हद्दीत ३,५०,८५९ माणसे होती. तीन लाखांवर पन्नास हजार राहिले, त्यांत पंधरा हजार तीनदा जातात. पासष्ट आणि तीन मिळून अडुसष्ट. म्हणून आपल्याकडे ६८ सभासद. ६८ ने भागले की एका सभासदामागे सुमारे ५,१६० माणसे येतात. चार सभासदांचा प्रभाग धरला तर २०,६३९. यात दहा टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे अठरा हजार सहाशेंचा प्रभागही नियमात बसतो आणि बावीस हजार सातशेंचाही. एका टोकाच्या प्रभागातले मत दुसऱ्या टोकाच्या मतापेक्षा पाचवा हिस्सा जड, आणि तरी सगळे कायदेशीर.

एका प्रभागात किती सभासद असावेत, हे मात्र सरकारांच्या मर्जीवर फिरत राहिले. मुंबई सोडून राज्यातल्या महानगरपालिकांत २००२ साली तीनांचा प्रभाग होता, २००७ साली एकाचा वॉर्ड आला, २०१२ साली दोनांचा प्रभाग, २०१७ साली चारांचा. नगरला २०१३ साली दोनांचे चौतीस प्रभाग होते, २०१८ साली चारांचे सतरा. पुढे पुन्हा एकाचा, पुन्हा तीनांचा, पुन्हा चारांचा असे कायदे झाले. प्रभागरचनेचा अधिकार कोणाचा यावरही ओढाताण झाली. २०२२ साली तो कायद्याने राज्य सरकारकडे गेला. या सगळ्यात निवडणुका लांबल्या. नगरच्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली, आणि मग दोन वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कोठे गाडी हलली. रिपनने म्हटले होते की प्रयोग करा आणि अनुभवावरून ठरवा. आमचे मत विचाराल तर, पाच वर्षे टिकत नाही तो प्रयोग नव्हे. कोणत्याही पद्धतीचा अनुभव जमण्याआधीच ती बदलली जाते आणि मतदाराला मात्र दर वेळी नवे केंद्र, नवा क्रमांक, नवे शेजारी पाठ करावे लागतात. चार सभासदांच्या प्रभागात एका मतदाराने चार वेळा बटण दाबावयाचे, अ, ब, क, ड. नळाला पाणी आले नाही म्हणजे मात्र या चारांतल्या कोणाच्या दारात जावे हे सावेडीतल्या पुष्कळांना आजही नक्की सांगता येणार नाही.

रेषा ओढण्याचे नियम पुन्हा चांगलेच आहेत. प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू करावेत; म्हणून आपल्या सावेडीच्या बाजूचे प्रभाग आरंभीच्या आकड्यांत येतात. सीमा शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वे अशा सहज दिसणाऱ्या खुणांवरून न्यावी. वस्ती तोडू नये. विशेषतः अनुसूचित जाती-जमातींची वस्ती तर तोडूच नये. आणि जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका मोजणीदाराने मोजलेला सहाशे-आठशे माणसांचा तुकडा, तो अखंड ठेवावा. या तुकड्यांच्या विटा रचूनच प्रभागाची भिंत उभी राहते.

विटा कोणत्या वर्षीच्या? २०११ च्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे २०२५ साली सावेडीच्या नकाशावर रेषा ओढल्या त्या चौदा वर्षांपूर्वीच्या सावेडीवर. त्या वेळी ज्या प्लॉटवर बाभळी होत्या तिथे आज चार मजले उभे असतील, पण हिशेबात तिथे अजून बाभळीच आहेत. तटाच्या आतल्या भागात लोकसंख्या फारशी हलली नाही. किंबहुना तिथून माणसे सावेडीलाच राहायला आली. कागदावर समान दिसणारे दोन प्रभाग प्रत्यक्षात समान राहत नाहीत, आणि जो भाग वाढतो त्याच्या मताचे वजन घटते. इंग्लंडात १८३२ पूर्वी ओल्ड सॅरम नावाचे एक ओसाड ठिकाण होते. मतदार सात, आणि पार्लमेंटात सभासद दोन. मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला मात्र एकही नव्हता. आपल्याकडे इतका अनर्थ नाही, होऊही शकणार नाही. परंतु माणसे एकीकडे आणि आकडे दुसरीकडे, ही जात तीच.

असे असेल तर हरकत कोणी घेतली? घेतल्या जातात. कोणी एखादी कॉलनी इकडे जोडा म्हणतो, कोणी आमचा रस्ता दोन प्रभागांत फाटला म्हणतो. हरकती बहुतेक करून माजी सभासदांच्या आणि इच्छुकांच्या असतात, कारण रेषेचा अर्थ त्यांना त्याच दिवशी कळतो. अधिकारी सुनावणी ठेवतो, प्रत्येकाला चार-पाच मिनिटे मिळतात. काही मान्य होतात, पुष्कळशा फेटाळल्या जातात. एकदा अंतिम रचना प्रसिद्ध झाली की मग मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण राज्यघटनेच्या २४३ झेडजी या अनुच्छेदाने प्रभागरचनेच्या कायद्याची वैधता न्यायालयापुढे नेण्यास अटकाव केला आहे. हे पुष्कळांना ठाऊक नाही. ते म्हणतात, अन्याय झाला तर कोर्टात जाऊ. जाता येते, पण हाती फारसे लागत नाही. तेव्हा सामान्य मतदाराला रेषेविषयी जे बोलावयाचे ते त्या काही दिवसांतच बोलता येते, आणि त्या दिवसांत तो बहुधा गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या गडबडीत असतो.

विलायतेत आता निराळी पद्धत आहे. प्रत्येक स्थानिक कौन्सिलने पाच वर्षांतून एकदा आपली मतदानाची ठिकाणे आणि त्यांचे भाग तपासावेत, लोकांना जाहीर विचारावे, अपंगांना तिथे पोहोचता येते का ते पाहावे, आणि आलेली निवेदने प्रसिद्ध करावीत, असा तिथला कायदा आहे. निवडणूक डोक्यावर नसताना हे काम होते, हा त्यातला शहाणपणाचा भाग. अमुक सभागृहाला पायऱ्या आहेत, तमुक शाळेपुढे गाडी थांबवायला जागा नाही, असली निवेदने तिथे साधी माणसे पाठवतात आणि कौन्सिल त्यांना उत्तर देते. आमच्या वृद्ध बाईंच्या गुडघ्यांची दखल घ्यायला अशीच एखादी वेळ लागेल. आपल्या कायद्यात मसुदा लावण्याची तरतूद आहे, पण त्या कामाला शांततेचे दिवस दिलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र याच वर्षात, आपल्या डोळ्यांसमोर घडायची आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जनगणना करण्याचे सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्या आधी २०२६ सालात घरांची यादी व्हायची, आणि माणसांची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत. घरयादीच्या वेळी मोजणीदार हातात नकाशा घेऊन सावेडीच्या गल्ल्यांतून हिंडतो. कोठे एक प्रगणक गट संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे ज्या नकाशावरून ठरते तोच हा नकाशा. नवी जनगणना पुढच्या प्रभागरचनेला धरली गेली तर तिच्या विटा म्हणजे हेच गट. त्यांना हरकतीची मुदत नसते. मोजणीदार बहुधा एखादी शिक्षिका असते, उन्हातून आलेली. ती दाराशी येऊन विचारते की वरच्या मजल्यावर कोणी राहते का, आणि पलीकडचा तो बंद फ्लॅट रिकामा आहे की माणसे गावाला गेली आहेत.